अनगोळचं पावसाळी अधिवेशन

बेळगावात दर वर्षी दोन अधिवेशनं भरतात. एक हिवाळी. ते कर्नाटक सरकारचं. 2012 साली उद्घाटन झालेल्या सुवर्ण विधानसौधात, बहुधा डिसेंबरात. त्यासाठी बंगळूरहून मोटारी येतात, हॉटेलं भरतात, मोर्चे निघतात आणि ज्या रस्त्यानं मंत्री जाणार त्या रस्त्यापुरते खड्डे बुजतात. दुसरं पावसाळी. ते अनगोळात, चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली, जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळी. तिथं गणसंख्येची अडचण कधी येत नाही. सभात्याग कुणी करत नाही, कारण बाहेर पाऊस असतो. विषयपत्रिकेवर विषय एकच: येत्या मोसमात क्रिकेटचे नियम काय असावेत.

अनगोळ, शहापूर, वडगावच्या शिवारात भाताची सुगी संपली की क्रिकेट उगवतं. पोरं फावडी घेऊन कापलेल्या वाफ्यात उतरतात, धसकटं काढतात, पाणी मारतात, रूळ नसतो म्हणून भरलेला ड्रम लोळवतात आणि हाफ पिच तयार होतं. शेजारच्या वाफ्यात मालकानं मसूर नाहीतर वाटाणा टाकलेला असतो, म्हणून पहिला नियम तिथंच ठरतो: मसुरात गेला तर आऊट. क्रिकेटच्या 42 कायद्यांत हे कलम नाही. तरी ते मोडायची हिंमत आजवर कुणी केलेली नाही, कारण त्याची अंमलबजावणी पंच करत नाही, मसुराचा मालक करतो.

दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत मग स्पर्धांचा सुकाळ. निवडणुकीच्या वर्षी चषकांची उंची वाढते आणि निकाल लागला की ती पुन्हा मूळ मापावर येते. पुढं मिरग निघतो. पिच नांगराखाली जातं, बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात पसरतं आणि जिथं परवापर्यंत मिडविकेट होतं तिथं रोपलावण सुरू होते. खेळणारी पोरं चिखलात फुटबॉल खेळायला निघून जातात. टपरीवर उरतात ते, ज्यांनी शेवटचा चेंडू कधी टाकला होता हे त्यांच्या बायकांनाही आठवत नाही. नियम करण्याची जबाबदारी साहजिकच त्यांच्यावर येऊन पडते.

ही रीत गावठी आहे असं समजून कुणी हसू नये. कोट्यवधी डॉलरचा खेळ खेळणारा देशही याच रीतीनं चालतो. अमेरिकेत बेसबॉलचा व्यावसायिक मोसम मार्चअखेर सुरू होतो आणि ऑक्टोबरअखेर, फार तर नोव्हेंबरच्या तोंडाला संपतो. तीस संघ, प्रत्येकाचे 162 सामने. त्यानंतर हिवाळाभर एकही चेंडू पडत नाही आणि नेमक्या त्याच काळात बातम्यांना पूर येतो. डिसेंबरात सगळ्या संघांचे कारभारी एका मोठ्या हॉटेलात जमतात आणि खेळाडूंची देवाणघेवाण करतात. त्या बैठकांना विंटर मीटिंग्ज म्हणतात. पूर्वी थंडीत दुकानातल्या शेगडीभोवती बसून लोक याच विषयावर बोलत, म्हणून असल्या गप्पांना तिकडे आजही 'हॉट स्टोव्ह लीग' असं नाव आहे. शेगडी आमच्याकडेही आहे. आमच्या शेगडीवर चहा असतो, एवढा भाग आम्ही पुढं आहोत.

आता त्यांचे नियम आणि आमचे नियम समोरासमोर ठेवून पाहू.

2023 च्या मोसमापासून अमेरिकेनं चेंडू टाकणाऱ्याच्या मागं घड्याळ लावलं. मैदानावर धावणारा गडी नसेल तर पंधरा सेकंदांत चेंडू पडला पाहिजे. असेल तर तेव्हा वीस सेकंद दिले होते, पुढच्या वर्षी अठरा केले. उशीर गोलंदाजाचा असेल तर दंड त्याला, फलंदाजाचा असेल तर फलंदाजाला. आधीच्या वर्षी सामना सरासरी तीन तास चार मिनिटं चालत असे, तो दोन तास चाळीस मिनिटांवर आला. आयसीसीनंही मग दोन षटकांमध्ये साठ सेकंदांचं घड्याळ आणलं. अनगोळात हे काम पूर्वीपासून आयांकडे आहे. दिवेलागणीला घरातून पहिली हाक येते, तो इशारा. दुसऱ्या हाकेला पूर्ण नाव घेतलं जातं. तिसरी हाक येत नाही, आई स्वतः येते. त्यानंतर एका मिनिटात सामना संपल्याचीच नोंद आहे.

तरी वेळेचा एक प्रश्न आम्हाला सुटलेला नाही, तो चौथ्या रेल्वे गेटाचा. टॉसच्या वेळी अकरांतले चार गडी हमखास गेटापलीकडे अडकलेले असतात. गाडी गेली तरी ते अडकलेलेच असतात. कधीकधी त्या दिवशी गाडीच नसते, तरीही ते अडकलेले असतात. यंदाच्या अधिवेशनात आलेली पहिली सूचना अशी: गेटात अडकलोय असं फोनवर सांगणाऱ्यानं इंजिनाचा आवाज ऐकवावा.

दुसरा विषय पंचांचा. बेसबॉलमध्ये चेंडू योग्य चौकटीतून गेला की नाही हे पंच सव्वाशे-दीडशे वर्षं डोळ्यांनी बघून सांगत आले. 2026 पासून तिथं यंत्र आलं. प्रत्येक संघाला दोन हरकती. हरकत फक्त चेंडू टाकणाऱ्यानं, झेलणाऱ्यानं किंवा मारणाऱ्यानंच घ्यायची, तीही लगेच, बाहेरून कुणी सांगायचं नाही. हरकत घेणाऱ्यानं डोक्यावरच्या टोपीला हात लावायचा, की यंत्र निकाल देतं. हरकत बरोबर निघाली तर ती खर्चात धरत नाहीत.

आमच्याकडे टोपीऐवजी गळा असतो. इथं पंच बॅटिंग करणाऱ्या संघाचाच असतो, आणि तो बहुतेक वेळा पुढच्या नंबरला बॅटिंगला जाणार असतो. त्याच्याकडून न्यायाची अपेक्षा करणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. म्हणून कॅचवर भांडण लागलं की, "टप्पा पडला होता की! गळ्याला हात लावून शपथ घे बघू," अशी हरकत येते. समोरच्यानं गळ्याची कातडी दोन बोटांत धरून आईची शपथ घेतली तर निकाल त्याच्या बाजूनं. त्यानं मंदिराच्या दिशेला तोंड करायचं टाळलं तर विरुद्ध. या यंत्रणेला वीज लागत नाही, कॅमेरा लागत नाही आणि निकालाला सहा सेकंदही लागत नाहीत. तिच्यात दोष एकच. काही गडी आईची शपथ फार सहज घेतात. त्यांच्यासाठी यंदा सूचना आहे की शपथ आईची न घेता बायकोची घ्यावी, आणि तिच्यासमोर घ्यावी.

तिसरा विषय भुताचा. बेसबॉलमध्ये सामना बरोबरीत सुटला की जादा डाव खेळतात आणि पूर्वी ते मध्यरात्रीपर्यंत रेंगाळत. 2020 मध्ये कोरोनाच्या काळात त्यांनी युक्ती काढली: जादा डाव सुरू होतानाच दुसऱ्या बेसवर एक धावणारा गडी फुकट उभा करायचा. तो तिथं कसा पोचला हे विचारायचं नाही. लोक त्याला 'घोस्ट रनर' म्हणू लागले. 2023 मध्ये नियम कायमचा झाला. आमच्या गल्लीत दहा गडी बाद होऊन अकरावा एकटा उरला की तो 'लास्ट मॅन बॅटिंग' घेतो. त्याच्या समोरच्या टोकाला कुणीच नसतं, पण तो नसलेला गडी बरोबर धाव घेतो आणि मुख्य म्हणजे कधी रनआऊट होत नाही. अमेरिकेचं भूत निदान डोळ्यांना दिसतं. आमचं दिसत नाही, म्हणून ते अधिक अस्सल.

चौथा विषय सगळ्यात नाजूक. 2024 च्या अखेरीस बेसबॉलचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी एका कल्पनेचा उल्लेख केला आणि देशभर गहजब झाला. कल्पना अशी की सामन्यात एकदा, पाळी कुणाचीही असो, संघाला आपला हवा तो फलंदाज पाठवता यावा. तिचं नाव 'गोल्डन अॅट-बॅट'. जुन्या चाहत्यांनी कपाळावर हात मारला, खेळाचा आत्मा गेला म्हणून लेख लिहिले. कल्पना अजून कल्पनाच आहे.

अनगोळात ती कल्पना पिढ्यान्पिढ्या राबते आहे. ज्याची बॅट, त्याची पाळी. तो पहिल्या चेंडूवर आऊट झाला तर तो ट्राय बॉल होता. दुसऱ्यावर झाला तर बॉल ढोपराच्या वर होता. तिसऱ्यावर झाला तर त्याला घरी काम आठवतं आणि तो बॅट काखेत मारून निघतो. "जाऊदे की रे, खेळू दे त्याला," असं संपूर्ण क्षेत्ररक्षण एकमुखानं म्हणतं, आणि गोल्डन अॅट-बॅट सुरू होते. सामन्यात एकदाच ही अट मात्र मॅनफ्रेड साहेबांनी कुठून आणली कळत नाही. त्यांच्याकडे बॅट संघाची असते, म्हणून असली चैन परवडते.

गल्लीतले नियम टीव्हीवर गेले की त्यांना भाव येतो हे आपण नुकतंच पाहिलं आहे. 2024 मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग झाली. चेंडू टेनिसचा, षटकं दहा, संघांचे मालक अमिताभ बच्चन, अक्षय कुमार अशी मंडळी. तिथं एक षटक पैजेचं ठेवलं: ठरलेल्या धावा झाल्या तर त्यांच्यात निम्म्याची भर, न झाल्या तर निम्म्या कापायच्या. लोक थक्क झाले. आमच्याकडे स्कोअर लिहिणारा पोरगा हे कोणत्याही पैजेशिवाय प्रत्येक षटकाला करत आला आहे.

आता खेळाडूंच्या देवाणघेवाणीकडे वळू, कारण ऑफ-सीझनची खरी गोडी तिथं आहे. डिसेंबर 2023 मध्ये शोहेई ओहतानी या जपानी खेळाडूनं लॉस एंजेलिसच्या डॉजर्सशी दहा वर्षांसाठी 70 कोटी डॉलरचा करार केला. टपरीवर ही बातमी वाचून झाल्यावर कुणीतरी पुढचा परिच्छेद वाचला: त्यातले 68 कोटी डॉलर त्याला 2034 ते 2043 या काळात मिळणार आहेत, तोवर वर्षाला वीस लाखच. म्हणजे उधारी. हे ऐकल्यावर चहावाल्याचा चेहरा पडला, कारण त्याच्या वहीतल्या अनेकांना एवढा मोठा आधार याआधी कुणी दिला नव्हता. त्यात बॉबी बोनिया या निवृत्त खेळाडूची कथा निघाली. न्यूयॉर्क मेट्सनं त्याची बाकी पुढं ढकलली, आणि आता 2011 पासून 2035 पर्यंत दर 1 जुलैला ते त्याला सुमारे 12 लाख डॉलर देतात. त्यानं शेवटचा सामना 2001 मध्ये खेळला. अनगोळात 1 जुलैला भर पावसात बसून आम्ही हे ऐकलं, तेव्हा 'न खेळता मिळणारा मोबदला' या विषयावर फार जिव्हाळ्यानं चर्चा झाली.

आमच्याकडे करारांचं स्वरूप वेगळं आहे. बेळगाव तालुक्यात 'एक गाव एक संघ' अशा स्पर्धा असतात. संघातले सगळे गडी त्याच गावचे हवेत आणि आधार कार्ड दाखवलं पाहिजे. हा नियम का आला हे सांगायला नको. पाचशे रुपये, बिर्याणी आणि पेट्रोल यांवर येळ्ळूरचा फलंदाज धामण्याचा होत असे आणि दुपारनंतर मच्छ्याचा. आधार कार्डानं हे थांबेल असं वाटलं होतं. पण कार्डावरचा फोटो कुणाचाच कुणासारखा दिसत नाही, त्यामुळं एकाच कार्डावर तीन गडी खेळतात आणि तिघांपैकी कुणाबद्दलही शंका घेता येत नाही. त्यात शिनोळी. गाव चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, पण बाजार बेळगावचा आणि ऑफस्पिनही बेळगावचाच. त्याला बाहेरचा म्हणायचं की घरचा, यावर दर वर्षी चहाचे निदान तीन राऊंड होतात.

एका खेळात दोन कायदे असण्याचं अमेरिकेलाही वावडं नाही. तिथं अमेरिकन लीगनं 1973 मध्ये फक्त फटकेबाजीपुरता एक जादा गडी ठेवायची मुभा दिली, नॅशनल लीगनं ती नाकारली. दोघांत एकमत व्हायला 2022 साल उजाडलं. एकोणपन्नास वर्षं. आयपीएलनं तशाच धर्तीवर 2023 मध्ये इम्पॅक्ट प्लेअर आणला, पुढं रोहित शर्मानं आपल्याला तो आवडत नसल्याचं उघड सांगितलं. तो नियम तरीही चालूच राहिला. अनगोळात असा गडी प्रत्येक संघात एक असतो. बॅटिंग झाली की त्याचा पाय मुरगळतो.

या सगळ्यात मला बेसबॉलची एक जुनी बातमी फार जवळची वाटते. सेंट लुईसच्या संघात बारा वर्षं खेळलेल्या कर्ट फ्लडला 1969 मध्ये, मोसम संपल्यावर, फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्याला कुणी विचारलं नाही, कारण विचारायची पद्धतच नव्हती. त्यानं 24 डिसेंबरला आयुक्तांना पत्र लिहिलं की, मी काही खरेदी-विक्रीची वस्तू नाही. मग तो कोर्टात गेला आणि 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. त्याचं स्वतःचं खेळणं त्यात संपलं. पण तीनच वर्षांनी, 1975 मध्ये, लवादानं दिलेल्या निकालानं खेळाडूला बांधून ठेवणारं कलम मोडीत निघालं. आज ओहतानी कोटींची उधारी ठेवू शकतो ती या माणसाच्या जिवावर.

बेळगावकराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला आमचीही अशीच अदलाबदल झाली. बेळगाव जिल्हा मुंबई राज्याच्या संघातून म्हैसूरच्या संघात गेला, चंदगड तेवढं मागं ठेवलं. गड्याला कुणी विचारलं नाही. 2004 मध्ये महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तिसऱ्या पंचाकडे गेलेला इतका लांबलेला निर्णय कोणत्याही खेळात नसेल. फ्लडचा निकाल विरुद्ध लागला, पण लागला. आमच्या स्क्रीनवर अजून 'निर्णय प्रलंबित' आहे आणि दरम्यान दोन पिढ्यांनी पॅड काढून ठेवले. 2014 मध्ये, पुन्हा 1 नोव्हेंबरलाच, बेळगावचं नावही बदललं. क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघानं 2021 च्या मोसमानंतर 'इंडियन्स' सोडून 'गार्डियन्स' हे नाव घेतलं, तेव्हा तिथल्या जुन्या चाहत्यांनी जुन्या टोप्या घालणं सोडलं नाही. आमच्याकडेही दुकानांच्या पाट्यांवर एक नाव असतं आणि पाटीखाली उभा राहून फोनवर बोलणारा दुसरंच नाव घेतो.

मैदानावर मात्र ही भांडणं फार टिकत नाहीत. आमच्या संघात कन्नड बोलणारे गडी आहेत आणि ते मराठीतूनही तितकंच झकास भांडतात. चेंडू हवेत उडाला की एक बाजू 'धर' ओरडते, दुसरी 'हिडी', आणि दोघेही धावत येऊन एकमेकांवर आदळतात. कॅच सुटतो. ही इथली खरी संयुक्त कारवाई.

तर मुद्दा असा की नियम करतं कोण? अमेरिकेत त्यासाठी अकरा जणांची समिती आहे: सहा मालकांच्या बाजूचे, चार खेळाडू, एक पंच. सप्टेंबर 2022 मध्ये घड्याळाचा नियम आला तेव्हा चारही खेळाडूंनी विरोधात मत दिलं. नियम अर्थातच झाला. आणि गंमत अशी की तो चांगला निघाला. पुढच्या मोसमात मैदानावर येणाऱ्या प्रेक्षकांचा आकडा सात कोटींवर गेला. तेव्हा न ऐकता केलेला प्रत्येक नियम वाईटच असतो असं म्हणता येत नाही. वाईट आहे ती सवय. एकदा चार जणांचं न ऐकता काम भागलं की पुढच्या वेळी ते चौघे खोलीत आहेत हेही कुणाच्या लक्षात राहत नाही. आमच्या टपरीवरच्या समितीत खेळणारा गडी एकही नाही. मसुराचा मालक आहे, कारण तो चहा पाजतो.

म्हणून यंदाचं अधिवेशन संपण्यापूर्वी मी माझा ठराव मांडतो. अडकलेल्यांनी इंजिनाचा आवाज ऐकवावा, मान्य. शपथ बायकोसमोर घ्यावी, मान्य. शिनोळीचा ऑफस्पिनर घरचा समजावा. पाय मुरगळलेल्याला स्लिपमध्ये उभं करावं, तिथं पळावं लागत नाही. मसुराचा नियम आहे तसा राहू द्यावा, त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. आणि नवीन नियम एकच: ज्यांच्या अंगाला नियम लागणार आहे त्या पोरांना फुटबॉलच्या चिखलातून बोलावून आणावं, गरम चहा द्यावा, त्यांचं ऐकून घ्यावं आणि मगच वहीत लिहावं. चहाचे पैसे समितीनं रोख भरावेत, 2043 पर्यंत थांबू नये. या ठरावावर कुणाची हरकत असल्यास दिवाळीच्या आत टपरीवर येऊन नोंदवावी. स्वतःची बॅट घेऊन येणाऱ्यांची हरकत आधी ऐकली जाईल.